सहावा चौकोन

टीव्हीवर आठ चौकोन होते आणि त्यांतला सहावा काळा होता.

"हे काय आहे?" शीतलदादांनी विचारलं.

"टीव्ही आहे," मी म्हटलं.

ही वेळ तोंड चालवायची नव्हती हे मला कळत होतं. पण सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला समोर उभं करून कुणी शाळामास्तरासारखं विचारायला लागलं, की माझी जीभ माझंच ऐकत नाही. शीतलदादा सोफ्यावर बसले होते, हातात रिमोट. शेजारी त्यांची बहीण त्रिशलाताई, कोल्हापूरहून आलेली. मला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"मंगळवार. दुपारी दोन वाजून चौदा मिनिटं," शीतलदादा म्हणाले. "इथं तुम्ही आईच्या खोलीत दिसता. खुर्चीवर बसलेल्या. आणि मग हे."

त्यांनी बटण दाबलं. चौकोन काळा झाला. फाटकाच्या चौकोनातून एक कुत्रं गेलं, स्वयंपाकघरात मालूबाईनं भांडी लावली, भाकरी खाल्ली, तिथंच फरशीवर आडवी झाली. सहावा चौकोन काळाच. शीतलदादा चित्र पळवत पळवत चार अडतीसला आले, तेव्हा त्यात परत आक्कांचा पलंग उमटला आणि शेजारून उठणारी मी.

"दोन तास चोवीस मिनिटं," ते म्हणाले. "बुधवारी तेच. गुरुवारी तेच. शुक्रवारी तर पावणेतीन तास. कॅमेरा बंद करून कुठं जाता बाई तुम्ही?"

मागच्या रविवारपर्यंत मी त्यांची 'मावशी' होते. आज 'बाई' झाले. तेवढ्यावरूनच मी काय ते समजले.

ही गोष्ट जयसिंगपूरची, नऊ वर्षांपूर्वीची. मी मिरजेची, एस्तेर लोंढे. घरी जाऊन आजारी माणसांचं करायचं, हे माझं काम. नर्स नाही मी, पण नर्सला जे करायला वेळ नसतो ते सगळं मला येतं. मिरजेतल्या एका ब्युरोमार्फत मला कामं मिळत. ब्युरोच्या शकूताईंच्या वहीत माझं नाव सोळा वर्षं होतं आणि त्या नावापुढं एकही तक्रार नव्हती. आमच्या धंद्यात नाव हेच भांडवल. एकदा ते गेलं की मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत कुणी दारात उभं करत नाही.

मगदूमांच्या घरी मी आक्कांसाठी होते. आक्का म्हणजे शीतलदादांच्या आई, वय एक्याऐंशी. कंपवात. दोन्ही हात दिवसभर थरथरत, हनुवटी थरथरे, आणि डोकं कधी जागेवर तर कधी चिकोडीजवळच्या माहेरी. तिकडं गेल्या की त्या कानडीत बोलत आणि मला 'अव्वा' म्हणत. अव्वा म्हणजे आई. सकाळी आठ ते संध्याकाळी सात मी, रात्री दुसरी बाई. रविवारी मात्र चर्चमधली उपासना आटोपून अकराला यायची सूट मी आधीच मागून घेतली होती.

शीतलदादांचा चिंचवडला कारखाना. वर्षभरापूर्वी त्यांनी घरात आठ कॅमेरे बसवून घेतले होते. फाटक, व्हरांडा, हॉल, स्वयंपाकघर, देवघर, आक्कांची खोली, मागचं दार, गच्ची. पुण्यात ऑफिसच्या भिंतीवर हे आठही त्यांना एकदम दिसत. नुसतं बघून भागलं असतं तर ठीक होतं, पण कॅमेऱ्यातून बोलायचीही सोय होती. मी आक्कांना भरवत असले की छतातून आवाज यायचा, "मावशी, घास लहान करा." आक्का दचकायच्या. वर बघायच्या, आणि बराच वेळ बघतच राहायच्या. त्यांना वाटायचं, मुलगा माळ्यावर आहे आणि खाली येत नाही.

सांगायचं काय, तर या गोष्टीच्या आधीपासूनच माझ्या मनात त्या आठ चौकोनांबद्दल फार प्रेम नव्हतं.

"मी कॅमेरा बंद केला नाही," मी म्हटलं. "मला तो बंद कसा करतात हेही ठाऊक नाही. मी खुर्चीवर होते."

"दोन तास चोवीस मिनिटं? खुर्चीवर?"

"रोजच असते."

मग त्रिशलाताईंनी तोंड उघडलं. गुरुवारी त्या येऊन गेल्या होत्या, तेव्हा आक्कांच्या कोपराशी काळंनिळं दिसलं. आई पडली, आणि पडली तेव्हा कुणी जवळ नव्हतं, असा त्यांचा हिशोब. ते मंगळवारी सकाळी लॅबच्या माणसानं रक्त काढल्याचं होतं. दोनदा सुई टोचावी लागली होती, कारण आक्कांचा हात स्थिर राहत नाही. मी सांगितलं, तुमच्याच कॅमेऱ्यात असेल, सकाळी नऊचं लावा आणि बघा. कुणी लावलं नाही. माणसाला जे शोधायचं असतं ते सापडलं की तो पुढं शोधत नाही.

"आणि हे बघा," शीतलदादांनी बोट केलं. "सहावा बंद. त्याच वेळी सातवाही बंद. सातवा म्हणजे मागचं दार. मागच्या दारानं जायचं, मागच्या दारानं यायचं. कुणाला संशय येऊ नये म्हणून स्वयंपाकघरातला तेवढा चालू ठेवायचा."

मालूबाई दारात पदराला हात पुसत उभी होती. स्वयंपाकाची बाई, या घरात माझ्याही आधीपासून. रोज तीनच्या सुमाराला ती पाणी प्यायला उठायची, आक्कांच्या दारावरून जायची, आणि मला खुर्चीवर बसलेली बघून कधी हसायची सुद्धा. मी तिच्याकडं पाहिलं. शीतलदादांनीही पाहिलं.

"मी सैपाकघरात असते," मालूबाई म्हणाली. "मला काय ठावं न्हाई बाबा." आणि आत गेली.

तिचा राग आला नाही असं मी म्हणणार नाही. आला, चांगलाच आला. पण तिलाही ते घर टिकवायचं होतं.

"ब्युरोला मी सकाळीच फोन केलाय," शीतलदादा म्हणाले. "शकूताई म्हणाल्या, असं असेल तर नाव काढते. मी म्हटलं, आधी त्यांना समोर बसवून विचारतो. माझ्यावर अन्याय केल्याचा ठपका नको."

समोर बसवून म्हणे. मी तर उभीच होते.

तळपायाची आग मस्तकात गेली. सोळा वर्षं. कुणाच्या आईचे केस विंचरले, कुणाच्या बापाच्या पाठीच्या जखमा धुतल्या, मेलेल्यांचे डोळे मिटले. आणि एका काळ्या चौकोनावरून हा माणूस चहाचा कप खाली ठेवता ठेवता माझं नाव पुसून मोकळा होत होता. त्रिशलाताईंनी तर त्याच्याही पुढं मजल मारली. माझी पिशवी त्यांनी आधीच उघडून बघितली होती. टीपॉयवर सगळं मांडलं होतं, माझा डबा, चष्मा, शुभवर्तमानाचं लहानसं पुस्तक, हाताला लावायचं तेल. मगदूम जैन, म्हणून डब्यात अंडंसुद्धा आणणार नाही असा शब्द मी पहिल्या दिवशी दिला होता. डब्याचं झाकण उघडं होतं. तेही बघून झालेलं दिसत होतं.

आतून आक्कांचा आवाज आला. शब्द नाही, नुसतं कण्हणं.

घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या रागाचा अर्धा भाग कुणाला कळायचा नाही. सूर्य मावळला की आक्का तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घेत नसत. आजारानं त्या नातवंडांची नावं विसरल्या होत्या, नवरा गेला हे विसरल्या होत्या, पण हे विसरल्या नव्हत्या. खिडकीतलं ऊन गेलं की ओठ घट्ट मिटायचे, मग गोळी नाही की दूध नाही, सकाळपर्यंत काही नाही. डिसेंबरात दिवस सहालाच संपतो. म्हणजे साडेपाचला जेवण पोटात गेलं पाहिजे. आणि दुपारी दोन तास झोप झाली तरच साडेपाचला त्यांना गिळता यायचं. झोप नाही झाली तर हनुवटीची थरथर इतकी वाढायची की चमचा दातांवर आपटून परत यायचा. दोनची झोप चुकली की रात्रीचा उपास ठरलेला.

"त्यांची झोपायची वेळ झाली," मी म्हटलं. "मला जाऊ द्या. मग काय विचारायचं ते विचारा."

"आधी याचं उत्तर द्या."

मी टीव्हीकडं बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण आठ चौकोन मोजता येतात. सहावा काळा, सातवा काळा. पाचवाही काळा. आठवाही.

"देवघराचाही मीच बंद करते का?" मी विचारलं.

"काय?"

"पाचवा. आणि वरची गच्ची. तिथं माझं काय काम आहे? आणि पहाटे चारचं लावा बघू. कालचंच लावा. मी आठला येते, चारला मी मिरजेत असते."

त्यांनी लावलं नसतं, पण त्रिशलाताई म्हणाल्या, लाव, होऊन जाऊ दे. पहाटे चारला आठपैकी सात चौकोन काळे होते. फाटकातून दूधवाल्याची सायकल जात होती, तेवढाच एक जिवंत.

भाऊ-बहीण एकमेकांकडं बघायला लागले. आठ चौकोन एकदम बघणाऱ्या माणसानं पहाटे चारचे सात काळे चौकोन वर्षभरात एकदाही बघितले नव्हते.

कॅमेरे बसवणारे दादू हेरवाडे तिसऱ्या गल्लीत राहायचे. फोन केला तसे दहा मिनिटांत आले, जेवणावरून उठून. त्यांनी टीव्ही बघितला, काळे चौकोन बघितले आणि शीतलदादांना म्हणाले, "बरोबर हाय की साहेब. ह्यो असाच असतोय."

"असाच म्हणजे?"

"समोर काय हललं तरच रेकॉर्ड करतंय. न्हाई हललं तर न्हाई. तुम्हीच म्हणालासा न्हवं, दोन म्हैने मागचं दिसलं पायजे, पण दुसरी डिस्क नको. सगळं चोवीस तास घेतलं असतं तर आठ-धा दिवसांत भरली असती. म्हणून हालचालीवर ठेवलं. त्यात पडदा हलला तरी घ्यायला लागलं, म्हणून बारीक हालचाल धरायचं आनि जरा कमी केलं."

"हे मला सांगितलं होतं तुम्ही?"

"सांगितलं असंल की," हेरवाडे म्हणाले आणि टीपॉयवरचा माझा चष्मा उगाच सरळ करून ठेवला.

मला वाटलं, सुटले. कॅमेरा कुणी बंद केला नव्हता. खोलीत काही हललं नव्हतं, एवढंच. इतकी साधी गोष्ट. मी वळले आणि आक्कांच्या खोलीकडं निघाले, तर मागून शीतलदादांचा आवाज आला.

"थांबा. म्हणजे खोलीत काही हलत नव्हतं. बरोबर? मग खोलीत कुणी नव्हतंच. जिवंत माणूस अडीच तास न हलता बसतो का?"

मी हेरवाड्यांना म्हटलं, अहो, मी उठून गेले असते तर जाताना दिसले असते ना? त्यांनी मान डोलावली. मग शीतलदादांकडं बघितलं, आणि तीच मान उलटी फिरली. "आता कमी केलंय म्हटल्यावर... लई सावकाश गेलं तर कवा कवा धरत न्हाई. मशीनचं काय सांगावं." गिऱ्हाईक सोफ्यावर बसलं होतं. माझ्याकडून त्यांना काय मिळणार होतं?

"मी नसते तर आक्कांचे हात थरथरले असते," मी म्हटलं. "ते तरी दिसले असते. दिवसभर दिसतात ना? फक्त झोपल्या की थांबतात. या आजारात तसंच असतं, डॉक्टरांना विचारा."

"मग झोपायची गोळी देऊन जात असाल," शीतलदादा म्हणाले.

ते सहज म्हणाले. रागानं नाही, मोठ्यानं नाही. गणित सुटल्यासारखे म्हणाले. आजसुद्धा हे सांगताना माझे कान तापतात. मी तोवर उत्तरं देत होते, त्या वाक्यानंतर मला त्यांना एकही उत्तर द्यावंसं वाटेना.

"मग बसून बघा," मी म्हटलं. "तुम्हीच बसा. तुमचीच आई आहे."

त्यांना ते पटलं, हे नवल. कारखानदार माणूस, चाचणी म्हटली की समजतं. हेरवाड्यांनी टीव्हीवर आत्ताचं, चालू चित्र लावलं. म्हणाले, रेकॉर्डिंग चालू असलं की चौकोनाच्या कोपऱ्यात लाल टिकली दिसते, थांबलं की जाते. ते टीव्हीसमोर थांबले. शीतलदादा आक्कांच्या खोलीत गेले आणि माझ्या खुर्चीवर बसले. मी दारात उभी राहिले.

आक्का जाग्याच होत्या. त्यांनी मुलाकडं बघितलं, ओळखलं की नाही कळलं नाही. थरथरणारा हात रजईतून बाहेर काढला आणि त्यांच्या दिशेनं धरला. शीतलदादांनी तो हातात घेतला. घेतला म्हणजे, पकडला. दोन्ही हातांनी दाबून धरला, थरथर थांबावी म्हणून. थरथर अशी थांबत नसते. आक्का कण्हल्या, हात ओढायला लागल्या. शीतलदादांनी खुर्ची पुढं सरकवली, मग मागं. खिशात फोन वाजला तसा तो काढून बघितला. मान खाजवली. बाहेरून हेरवाडे ओरडले, "लाल हाय, साहेब. लालच हाय." चार मिनिटंही झाली नसतील, ते उठले.

मग त्रिशलाताई बसल्या. त्या तरी रडल्या. आईची रजई सारखी केली, केस मागं सारले, "आई, मी आलेय, मी आलेय," म्हणत राहिल्या. आक्कांना ते नको होतं. आक्का खिडकीकडं बघायला लागल्या, ऊन कुठं आहे ते बघत असाव्यात. टिकली लालच राहिली.

"आता तुम्ही," शीतलदादा मला म्हणाले.

"मी परीक्षेला बसणार नाही," मी म्हटलं. "शकूताईंना फोन करा आणि काढायला सांगा माझं नाव. मी पिशवी भरते."

आणि मी खरंच भरणार होते. वळलेही होते. सोळा वर्षांचं नाव गेलं तर गेलं, पण सर्कशीतल्या अस्वलासारखं बसून दाखवायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अव्वा."

घड्याळात अडीच होऊन गेले होते. आता झोप लागली नाही, तर सूर्य मावळायच्या आत काही पोटात जाणार नव्हतं. मी गेले तर ही दोघं त्यांना रात्रभर उपाशी ठेवणार आणि सकाळी मला विचारणार, आई का जेवली नाही.

मी आत गेले. दार लावलं नाही, पूर्वीही कधी लावत नव्हते.

आक्कांना कसं झोपवायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पहिल्या महिन्यात माझं मीच शोधलं होतं. डावा तळवा त्यांच्या गालाखाली सरकवायचा. उजव्या हाताचा अंगठा त्यांच्या मुठीत द्यायचा. दाबायचा नाही, नुसता द्यायचा. त्यांचा हात थरथरतो, थरथरू द्यायचा. आपण हलायचं नाही. पाय अवघडतो, नाकाला खाज सुटते, पाठीत कळ येते, तरी हलायचं नाही, कारण जरा हललं की त्या जाग्या होतात आणि सगळं पहिल्यापासून. हळूहळू त्यांची थरथर त्या अंगठ्याभोवती लहान होत जाते. मग थांबते. मग त्या झोपतात.

पण एक गोष्ट आणखी असते. हातातला राग त्यांना कळायचा. घरून भांडून आले, वडापच्या जीपवाल्याशी वाजलं, की त्या दिवशी त्या झोपत नसत. आणि आज माझ्या अंगात तर नुसता जाळ होता. भिंतीपलीकडं ते तिघं टीव्हीसमोर बसून माझ्याकडं बघत होते हे मला माहीत होतं. वर कॅमेऱ्याचं भिंग होतं. मला उठून ते उपटावंसं वाटत होतं.

आक्कांची मूठ माझ्या अंगठ्यावर घट्ट झाली, हनुवटी जोरात हलायला लागली. मग मी मनातल्या मनात त्या माणसांना एकेक करून खोलीबाहेर काढलं. हेरवाड्यांना काढलं. मालूबाईला काढलं, तिला फार वेळ लागला नाही. त्रिशलाताईंना पिशवीसकट काढलं. शीतलदादा काही केल्या जाईनात. शेवटी मी त्यांना राहू दिलं, पण माझ्या हातांत येऊ दिलं नाही. राग डोक्यातच ठेवला आणि हात तेवढे मोकळे केले. हे जमायला किती वेळ लागला सांगता येत नाही. नंतर कधीतरी मूठ सैल पडली. हात थांबला. हनुवटी थांबली. मग मीही थांबले.

खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायाकडून भिंतीवर गेलं. माझा डावा हात बधिर झाला. खोलीत दुसरं काही झालं नाही.

साडेचारला आक्कांनी आपण होऊन मान फिरवली. मी हात काढून घेतले, उठले, भिंतीला धरून पायातल्या मुंग्या जाऊ दिल्या आणि हॉलमध्ये आले.

हेरवाडे गेले होते. शीतलदादा आणि त्रिशलाताई तिथंच होते, सोफ्यावर, टीव्हीकडं तोंड करून. माझं सामान कुणीतरी परत पिशवीत भरून ठेवलं होतं.

"दोन त्रेपन्नला टिकली गेली," शीतलदादा म्हणाले. "आत्ता तुम्ही उठलात तेव्हा परत आली. मी सगळा वेळ बघत होतो. तुम्ही हललाच नाहीत." मग थांबून, "मावशी, चूक झाली माझी."

"शकूताईंना सांगा," मी म्हटलं. "माझ्यासमोर. आणि गोळीचंही सांगा, की तुम्ही तसं म्हणालात आणि ते खोटं होतं."

त्यांनी फोन लावला. सगळं सांगितलं, गोळीचंसुद्धा. सांगताना पुन्हा पुन्हा 'गैरसमज' म्हणत होते. मी म्हटलं, गैरसमज नव्हे, आळ म्हणा. त्यांनी तेही म्हटलं. शकूताई पलीकडून मोठ्यानं बोलत होत्या, मला ऐकू येत होतं. नाव राहिलं.

फोन ठेवून शीतलदादा म्हणाले, उद्या हेरवाड्यांना बोलावून मोठी डिस्क बसवून घेतो, चोवीस तास रेकॉर्डिंग ठेवतो, म्हणजे पुन्हा असं होणार नाही. दुपारचं सुद्धा सगळं दिसेल. त्यांना भरपाई करायची होती आणि सुचली ती ही.

"दीड तासाच्या वर तुम्ही बघत होता ना?" मी विचारलं.

"हो. एक मिनिट उठलो नाही."

"इथं बसून?"

त्यांनी रिमोट टीपॉयवर ठेवला.

"रोज तुम्ही पुण्यात असता, साहेब. आज पुण्यात नव्हता. मधे एक भिंत होती, आणि दार उघडं होतं. त्या झोपल्या होत्या, हात थांबले होते, दुसरी खुर्चीही होती तिथं. तुम्ही दोघांनी आई टीव्हीवर बघितली."

त्रिशलाताईंनी तोंडावर पदर घेतला. शीतलदादा रिमोटकडं बघत राहिले. मला त्यांची दया यायला हवी होती असं माझी मुलगी म्हणते. मला आली नाही. मी स्वयंपाकघरात गेले, मालूबाईनं न बोलता पुढं केलेला चहा तसाच ठेवला, आक्कांसाठी मुगाची मऊ खिचडी आणि तूप घेतलं, आणि परत आत आले. येताना मी मुद्दाम सावकाश चालले. मागून कुणी येतंय का, ऐकत होते.

कुणी आलं नाही. हॉलमधून दोघांचं हलक्या आवाजात बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

आक्कांना उशीला टेकवून बसवलं. चेहरा छान झाला होता, झोप झाली की व्हायचा तसा. खिडकीत अजून भरपूर ऊन होतं. त्यांनी ते बघितलं, मग मान वळवून दाराकडं कान दिला.

"बाहेर कोन आलंय गं?"

मी चमच्यातली खिचडी फुंकून गार केली.

"कुणी नाही, आक्का," मी म्हटलं. "टीव्ही चालू आहे."

त्यांनी मान हलवली आणि तोंड उघडलं.